उतरवून घ्यायला कोणीतरी

मोजणीदाराचे पाय पहिल्यांदा अडले ते स्वयंपाकघराच्या दारात. दोन्ही हातांत चहाचे कप, आणि हा आपला दारातच उभा. बायकोला वाटलं, काहीतरी आठवत असेल.

"या की आत," ती म्हणाली. "दाराला टेकू म्हणून ठेवलंय का तुम्हाला?"

"येतोय," तो म्हणाला आणि आला नाही. चहावर साय धरायला लागली तेव्हा हळूच म्हणाला, "पाय येत नाहीयेत गं." शेजारच्या माणसाची तक्रार करावी तसं, स्वतःच्या पायांबद्दल.

तिने कप काढून घेतले, हाताला धरलं, आणि पाय सुटले. दोघांनीही ती गोष्ट हसण्यावारी नेली.

तीस वर्षं हा माणूस जमीनमोजणीच्या कचेरीत होता. शेताच्या हद्दी, ओढ्याचे काठ, वादातले बांध, सगळं पायांखालून गेलेलं. फीत चुकेल पण याचं पाऊल चुकायचं नाही, असं कचेरीत म्हणायचे. तिचं बाजाराच्या मागच्या गल्लीत बॅगा दुरुस्तीचं दुकान. तुटलेल्या चेन, उसवलेले पट्टे, निखळलेली चाकं. गल्लीत तिला सगळे बॅगवालीच म्हणायचे आणि तिलाही त्यात काही वावगं वाटत नव्हतं.

लग्नाला सव्वीस वर्षं झाली होती. त्यातली बावीस वर्षं दोघं दरवर्षी चाळीस दिवस पाठीवर सॅक टाकून चालायला जायची. नदीकाठाने, डोंगरांच्या कुशीतून, या गावाहून त्या गावाला. लेक बारा वर्षांची होईपर्यंत बरोबर यायची. मग एकदा वाटेत दगडावर बसून तिने जाहीर केलं, "तुमच्या दोघांच्या पायाला भिंगरी आहे. माझ्या नाही." त्या वर्षापासून ती मावशीकडे राहू लागली.

बॅगवालीला डोंगरांचं एवढं काही नव्हतं. तिला ओढ होती ती वेगळ्याच गोष्टीची. घरात मोजणीदार तीन शब्दांचा माणूस. हो, नाही, बघू. पण सॅक पाठीवर चढली आणि तासभर पाय चालले की त्याची जीभ सुटायची. लहानपणीचं सांगायचा, कचेरीतल्या साहेबाची नक्कल करायचा, कधी कधी मनातली भीतीसुद्धा बोलून दाखवायचा. "माझं लग्न दोघांशी झालंय," ती मैत्रिणींना सांगायची. "साडेदहा महिने एक मुका, आणि उरलेले दिवस एक बोलका."

त्या वर्षीही दोघं निघाली. सहाव्या दिवशी एका कुंपणापाशी पायवाट दोन खांबांच्या मधून जात होती. एक माणूस जेमतेम मावेल एवढी फट. मोजणीदार तिथे येऊन थांबला तो पाऊण तास हलला नाही. मागून आलेली माणसं आधी नम्रपणे थांबली, मग कुंपणावरून चढून गेली. त्याच्या कपाळावरून घाम ओघळत होता. बॅगवालीने त्याची सॅक काढून स्वतःच्या पोटाशी अडकवली, स्वतःची पाठीला होतीच. त्याचे दोन्ही हात धरून ती उलटी चालायला लागली. "एक. दोन. माझ्याकडे बघा, खाली नको. एक." दोघं तशीच उताराने सडकेपर्यंत आली आणि तिथून बसने घरी.

मेंदूच्या विकारांच्या डॉक्टरीण बाईंनी त्याला बोटं मिटायला-उघडायला लावली, सरळ रेषेत चालायला लावलं, वळायला लावलं. वळताना तो अडकला. "हात थरथरत नाहीत म्हणून उशिरा लक्षात आलं," त्या म्हणाल्या. "मेंदू चालणं विसरत चाललाय. गोळ्यांनी काही काळ बरं वाटेल. पण पाठीवर ओझं आता अजिबात नको."

त्याने एकच विचारलं, "किती वर्षं?"

"कशाची, चालण्याची की..." बाई बोलता बोलता थांबल्या. त्याने पुन्हा विचारलं नाही.

मुदतीआधीच त्याने नोकरी सोडली. रोज सकाळी बॅगवाली त्याला रिक्षाने दुकानात आणायची, भिंतीकडेच्या स्टुलावर बसवायची आणि संध्याकाळी परत न्यायची. तो लोकांच्या बॅगांचे जुने दोरे उसवून द्यायचा. त्याचा चेहरा हळूहळू थिजायला लागला होता. हसू आत कुठेतरी फुटायचं, पण ओठांपर्यंत यायचं नाही. आवाजही खोल गेला होता. दोघांच्या सॅक दुकानाच्या मागच्या भिंतीला टांगलेल्या होत्या आणि येणारं-जाणारं गिऱ्हाईक विचारायचं, "या विकायच्या आहेत का?"

आठ महिने असे गेले.

दुकानाला लागूनच सायकलवाल्याचं दुकान होतं. एके दुपारी मोजणीदार बाहेर वारा घ्यायला म्हणून निघाला आणि फुटपाथवरच त्याचे पाय चिकटले. आधाराला त्याने दुरुस्त होऊन उभ्या असलेल्या एका सायकलीचं हँडल धरलं. सायकलवाला गमत्या माणूस. "भाऊ, उभं राहून कंटाळाल," तो म्हणाला. "बसून तरी बघा."

मोजणीदाराने टांग टाकली आणि तो निघाला.

आरडाओरडा ऐकून बॅगवाली बाहेर आली तोवर तो वळणापलीकडे दिसेनासा झाला होता. चौकाला वळसा घालून तो परत आला. पाठ ताठ, पायडल गरगर, जणू काही झालंच नव्हतं. दुसरी फेरी झाली, तिसरी झाली. गल्लीतले लोक टाळ्या वाजवायला लागले. पाचव्या फेरीला तो तिच्याजवळून जाताना काहीतरी पुटपुटला. सहाव्या फेरीला तिला ऐकू आलं.

"उतरता येत नाहीये. धर मला."

ती रस्त्याच्या मधोमध हात पसरून उभी राहिली. सायकल, नवरा आणि ती, तिघंही एकमेकांवर पडली. सायकलवाला हसला, ती हसली, गल्ली हसली. मोजणीदाराच्या डोळ्यांतून मात्र पाणी वाहत होतं आणि चेहऱ्यावरची रेषही हलली नव्हती.

डॉक्टरीण बाईंना नवल वाटलं नाही. "काहीजणांचं होतं असं. दहा पावलं चालवत नाही, पण दहा मैल सायकल चालवतात. का, ते नीट सांगता येत नाही. चालवू द्या." मग त्यांनी पुढचं सांगितलं, "फक्त चढवायला आणि उतरवून घ्यायला माणूस लागेल. दर वेळी."

बाई आणि मोजणीदार, दोघंही बॅगवालीकडे बघत होती.

तिला सायकल येत होती, पण कधी आवडली नव्हती. कानात वारा, नजर खड्ड्यांवर, आणि शेजारच्याशी बोलायची सोय नाही. हे ती तिथे बोलली नाही. बोलायची ती वेळही नव्हती.

सायकलवाल्याने दोन जुन्या, दणकट सायकली उभ्या करून दिल्या. मोजणीदाराच्या सायकलीचा मधला दांडा कापून तो खाली आणला, म्हणजे पाय उंच उचलावा लागू नये. सामानासाठी कॅरियरच्या दोन्ही बाजूंना लटकतील अशा पिशव्या हव्या होत्या. बॅगवालीने बाजारात चौकशी केली आणि मग एका रविवारी दुकान बंद ठेवून भिंतीवरची स्वतःची सॅक उतरवली. मोठ्या कात्रीने तिची पाठ फाडली. बावीस वर्षांचं कापड, तरी कात्रीला दाद देत नव्हतं. मोजणीदार स्टुलावरून बघत होता.

"माझीही काप," तो म्हणाला.

"तुमची राहू दे. गोळ्यांनी बरं वाटलं तर..."

"काप," तो म्हणाला.

दोन सॅकच्या चार पिशव्या झाल्या. खांद्याचे पट्टे उरले. ते तिने खोक्यात टाकले आणि पुढे कुठल्यातरी गिऱ्हाइकाच्या दप्तराला लावून टाकले.

पहिल्या वर्षी त्यांनी सपाटीचा रस्ता धरला. सकाळी एखाद्या कट्ट्याशी सायकल टेकवायची, तिने हँडल धरायचं, त्याने टांग टाकायची, मग तिने थोडं ढकलून द्यायचं. तो गेला की पळत जाऊन आपली सायकल धरायची आणि त्याला गाठायचं. थांबायचं ठिकाण आलं की तिने पुढे जायचं, आपली सायकल स्टँडला लावायची आणि रस्त्याकडे तोंड करून हात पुढे करून उभं राहायचं. तो सावकाश येऊन तिच्या अंगावर थांबायचा. दिवसातून सात-आठ वेळा. पहिल्या आठवड्यात तिच्या दोन्ही दंडांवर निळे-काळे डाग उठले.

आणि तो? जमिनीवर पाय ठेवला की म्हातारा, आणि सायकलवर बसला की तिशीतला. चढावरसुद्धा तिच्या पुढे. रस्त्यावरचे सायकलस्वार त्याला हात करायचे, त्यांना काय माहीत. मुक्कामावर त्याला खोलीत नेताना तिला आधार द्यावा लागायचा तेव्हा मालक चक्रावून विचारायचे, "हे आत्ता सायकलवरून आले ना?" लेकीला फोनवर तो सांगायचा, "आज साठ किलोमीटर." लेक म्हणायची, "आई, बाबांचा आवाज किती दिवसांनी खुललाय गं." बॅगवाली म्हणायची, "हो ना."

पण तिच्याशी तो बोलत नव्हता. बोलणार कसा? दिवसभर तिला दिसायची ती त्याची पाठ. संध्याकाळी तो इतका दमलेला असायचा की जेवतानाच डोळे मिटायचे. जे गाव बघायला पूर्वी अर्धा दिवस लागायचा ते आता पाच मिनिटांत मागे पडायचं. तिच्या मनात यायचं, आपण कुठे आलोच नाही, नुसतं सगळं बाजूने गेलं. मग स्वतःचीच लाज वाटायची. नवऱ्याला देवाने एक दार उघडं ठेवलंय आणि आपण चौकटीला नावं ठेवतोय. ती तोंड मिटून पायडल मारत राहायची.

दुसऱ्या वर्षी चाळीसचे तीस दिवस झाले. तिसऱ्या वर्षी डॉक्टरीण बाई म्हणाल्या, "आता फार लांब नको." त्यांनी पंधरा दिवसांचा बेत केला. त्याच्या पिशव्यांतलं सामान एव्हाना तिच्या पिशव्यांत आलं होतं. तो रिकामा चालवायचा.

नवव्या दिवशी ते घडलं.

लांबच लांब उतार होता. तो पुढे होता. ठरलं होतं की उताराच्या पायथ्याशी पाण्याची टाकी लागेल, तिथे ती त्याला गाठून पुढे होईल आणि उतरवून घेईल. निम्म्या उतारावर खडीवरून तिचं पुढचं चाक घसरलं. ती आडवी झाली. कोपर सोललं, गुडघ्याला मुका मार, सायकलची चेन उतरली. तिने हाक मारली, पण वाऱ्यात कुठली ऐकू जाणार. त्याची पाठ लहान लहान होत वळणाआड गेली.

चेन बसवायला दहा मिनिटंही लागली नाहीत. कोपराला रुमाल बांधला. हँडल सरळ केलं. आता बसायचं आणि निघायचं, एवढंच.

ती बसली नाही. सायकल हातात धरून ती चालायला लागली. आधी मनात होतं, गुडघा जरा मोकळा करू. रस्त्याच्या कडेला गवत होतं, पलीकडे नांगरलेली जमीन, दूरवर कोणीतरी काट्याकुट्या जाळत होतं. वारा थांबला होता. तीन वर्षांत पहिल्यांदा तिच्या बुटांचा आवाज तिच्या कानावर पडत होता. तिला ठाऊक होतं, तो पुढे आहे. तिला हेही ठाऊक होतं, की तो आपणहून उतरू शकत नाही. तरी ती चालत राहिली. वाटेत एका मोरीच्या कठड्यावर बसून पाणी प्यायली. कोणाला धरायचं नव्हतं, कोणाच्या मागे धावायचं नव्हतं. टाकीपाशी पोचली तेव्हा तिने घड्याळ बघितलं. दीड तास झाला होता.

टाकीपाशी तो नव्हता.

तेव्हा मात्र ती सायकलवर बसली आणि जिवाच्या आकांताने निघाली.

चार किलोमीटरवर धान्याची गोदामं होती. समोर सिमेंटचं मोठं आवार. त्या आवारात मोजणीदार गोल गोल फिरत होता. वेग अगदी कमी, पडणार पडणार म्हणता सावरत होता. पहारेकरी खुर्ची टाकून बसला होता. त्याने तिला सांगितलं, "तासाभरापासून घिरट्या घालतोय. विचारलं तर काहीतरी पुटपुटतो. चढलेली दिसते जास्त. तुमचा आहे का?"

"माझा आहे," ती म्हणाली.

ती आवारात हात पुढे करून उभी राहिली. तो आला आणि तिच्या अंगावर कोसळला. त्याची विजार ओली होती, मांडीपासून खालपर्यंत. पाय लाकडासारखे झाले होते. ओठ फुटले होते. त्याला खाली बसवल्यावर पहारेकऱ्याला सगळं उमगलं आणि तो खाली मान घालून पाण्याची बाटली घेऊन आला.

"टाकीपाशी तू नव्हतीस," मोजणीदार म्हणाला. कान जवळ नेला तेव्हा तिला कळलं. "उतार संपला तरी थांबता आलं नाही. म्हटलं, वळून मागे यावं. पण रस्ता अरुंद. इथे जागा दिसली. म्हटलं, इथेच फिरत राहू. येशील." मग पाण्याचा घोट घेऊन, "मला वाटलं, तू मेलीस."

कोपराचा रुमाल त्याला दिसला. त्याने तिचा हात हातात घेतला आणि सोललेली जागा बघितली. "फार लागलं?" त्याने विचारलं.

तिथे ती हो म्हणाली असती तर गोष्ट मिटली असती. ती त्याचे पाय चोळत राहिली. त्या संध्याकाळी, मुक्कामाच्या खोलीत त्याला आंघोळ घालून, कपडे बदलून, गोळ्या देऊन झाल्यावर ती खाटेच्या कडेला बसली.

"मला तुम्हाला एक सांगायचंय," ती म्हणाली. "मी पडले, पण दहा मिनिटांत उठले होते. सायकल धड होती. मी चालत आले."

त्या चेहऱ्यावर काही वाचायची सोय नव्हती.

"मुद्दाम?"

"मुद्दाम म्हणजे... मला चालायचं होतं. तुम्ही फिरत असाल हे माहीत होतं. तरी चालले."

"किती चाललीस?"

"पाच किलोमीटर असेल."

"दीड तासात पाच." मोजणीदाराने मनात हिशेब केला असावा. "सावकाश चाललीस."

"हो."

"पायांना बरं वाटलं?"

ती रडायला लागली. "हो," ती म्हणाली. "खूप बरं वाटलं."

त्याने मान वळवायचा प्रयत्न केला, पण कूस बदलायलाही आता त्याला मदत लागत होती. तिनेच उठून त्याला भिंतीकडे वळवून दिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो म्हणाला, "बसने जाऊ." सायकली बसच्या टपावर चढल्या. घरी येईपर्यंत दोघांत पाण्याच्या बाटलीपलीकडे बोलणं झालं नाही. त्यानंतरही त्याने त्या दिवसाचा विषय कधी काढला नाही. तिला वाटायचं, एकदा भांडावा, चार शब्द टाकून बोलावा. पण भांडायला लागतो तेवढा आवाजही त्याच्यात उरला नव्हता. की मनातच नव्हतं, ते तिला शेवटपर्यंत कळलं नाही.

त्या हिवाळ्यात तो झपाट्याने उतरला. सायकलवाल्याने त्याच्या सायकलीचं मागचं चाक एका लोखंडी घोडीवर उचलून दिलं आणि ती सायकल घराच्या पुढच्या खोलीत खिडकीसमोर ठेवली. रोज सकाळी बॅगवाली त्याला तिच्यावर बसवायची, कमरेला पट्टा बांधायची. तो अर्धा तास चालवायचा. मग वीस मिनिटं. मग दहा.

एका सकाळी पट्टा बांधून होताच तो म्हणाला, "जा."

"कुठे?"

"चालून ये. मी फिरतोय तोवर. पट्टा आहे ना."

ती नको म्हणाली. तो पुन्हा म्हणाला, "जा." त्याच्या त्या तीन शब्दांत पूर्वी हा शब्द नव्हता. क्षमा होती की शिक्षा, हे तिला ओळखता येईना. तिने शेजारणीला हाक मारून बसवलं आणि ती बाहेर पडली. चौकापर्यंत गेली, वळली, परत आली. तो तसाच खिडकीकडे तोंड करून पायडल मारत होता.

"कुठवर गेलीस?"

"चौकापर्यंत."

"एवढंच?"

दुसऱ्या दिवशी ती नदीच्या पुलापर्यंत गेली. रोज आल्यावर तो विचारायचा आणि ती सांगायची. कुठलं दुकान उघडलं, कुठल्या भिंतीला रंग दिला, पुलाखाली पाणी किती. आता बोलायची ती, ऐकायचा तो. कधी ऐकता ऐकता त्याचे पाय थांबायचे आणि ती पट्टा सोडून त्याला उतरवून घ्यायची.

पुढच्या वर्षी शेतं पेरायच्या सुमाराला तो गेला. छातीत कफ साठला होता, गिळता येत नव्हतं. लेक आली होती, महिनाभर राहिली. जाताना म्हणाली, "आई, आता तू जा कुठेतरी. चाळीस दिवस. तुला कोणी अडवलेलं नाही."

"जाईन," बॅगवाली म्हणाली.

दुकानात तिने स्वतःसाठी नवी सॅक शिवायला घेतली. पाठ झाली, खिसे झाले. पट्ट्यांसाठी खांद्याचं माप लागतं. ते ती नेहमी मोजणीदाराकडून घ्यायची, फीत धरायला दुसरा माणूस लागतो म्हणून. सायकलवाल्याला हाक मारावी असं तिच्या मनात आलं. मग तिने ते काम बाजूला ठेवलं आणि गिऱ्हाइकाच्या बॅगेची तुटलेली चेन पुढ्यात ओढली.